खाणीतल्या दिवसाची साक्ष

२ मार्च १९९७
आज पुन्हा फाइवेलकडेच! विद्यापीठातल्या ओफिराबाई त्याच्या सोफ्यावर, आणि मी समोरच्या गॅलरीत. नाझी छावणीच्या खाणीत अकरा जणांना गोळ्या घातल्या, ती हकिगत हैफाच्या शाळांतून वीस वर्षं मी सांगतोय. छावणीत माझ्याबरोबर होता, तरी फाइवेलनं कधी तोंड उघडलं नाही. आता अचानक साक्षीदार!

३ मार्च
चौथीत शाळा सुटलेल्याला कोण विचारतं. फाइवेलचं हिब्रू चांगलं. दातसुद्धा चांगले.

५ मार्च
गेलोच त्याच्याकडे. हेरिंग मासा चिरत होता. "ये गेत्सेल! नवरदेवासारखा सजलास? बाईंनी मला पसंत केलंय बरं!"
"त्या अकरांतला घड्याळजी माझ्या हातांत गेला. माझ्या! माझी हकिगत तू चोरलीस."
सुरी थांबली. मग मोठा तुकडा मला वाढला. चोर!

९ मार्च
बाईंनी मलाही बोलावलं — एकदाचं! टेबलावर एक पुस्तक. लिहिणारा म्हणतो, त्या छावणीत कुणाला मारलंच नाही. पुरावा म्हणून छावणीच्याच मृत्यूनोंदीचं पान छापलंय. बाईंनी शेजारी मूळ पानाचा फोटो ठेवला. खालचा अर्धा भाग त्यानं कापलाय! त्यातच त्या अकरा कैद्यांचे क्रमांक, सगळ्यांपुढे एकच वेळ.
"पण काका, तुमची आणि फाइवेलकाकांची हकिगत शब्दाला शब्द एक आहे. हा माणूस म्हणेल, दोघांना पढवलंय."
"त्यानं माझी चोरली, असं लिहा!"
"छावणीच्या अजून वह्या यायच्यात. तपासते. आपल्या बाजूची चूक निघाली तर आपणच आधी छापायची. त्याच्या हाती ठेवायची नाही."
छापा! फाइवेलची चांगली जिरेल.

१४ मार्च
बाईंचा फोन नाही. जिन्यात फाइवेल भेटला. "गेत्सेल, राहू दे ना. माझंच चुकलं असं सांगतो मी बाईंना."
घाबरला!

२० मार्च
वह्या आल्या. त्या दिवशी खाणीत कामाला नेलेल्यांच्या यादीत फाइवेलचा क्रमांक आहे. माझा दवाखान्याच्या वहीत — तीच तारीख, टायफस. बरा होऊन परतलो, तेव्हा शेजारच्या फळीवर पडून खाणीतलं तोच मला सांगायचा. रोज. तेच तेच.
बाईंना म्हटलं, छापा. माझ्या नावानिशी.