तिसरे पाकीट परीक्षकांकडे पोहोचवण्याच्या परवानगीबाबत

ॲन आर्बर, मिशिगन
दि. ८ एप्रिल २००७

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
पीएच.डी. विभाग,
सप्तधारा विद्यापीठ, महाराष्ट्र

विषय: सौ. पद्मिनी देवदत्त तांबवेकर यांच्या प्रबंधाचे मोहोरबंद पाकीट स्वहस्ते नेऊन देण्यास परवानगी मिळणे व कारणे दाखवा नोटीस मागे घेणे.
संदर्भ: आपली नोटीस जा.क्र. पीएचडी/३१७, दि. १२ मार्च २००७. (मिळाली ५ एप्रिलला.)

महोदय,

१. अर्जदार कु. आश्लेषा ही वरील उमेदवाराची मुलगी असून दहावीत शिकते. अर्जात 'मी' लिहायचं नसतं, 'अर्जदार' लिहायचं, असं शेजारी मुलाकडे राहायला आलेल्या प्रल्हादकाकांनी सांगितलं. ते तहसील कचेरीतून निवृत्त झाले आहेत. "आणि रडगाणं नको गं, तारखा लिही," असंही ते म्हणाले. म्हणून तारखा.

२. आईने प्रबंध फेब्रुवारी २००३ मध्ये सादर केला. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांना काही कळेनासं होतं, त्यांच्या चपलेत बसवायचा एक सोल हा त्याचा विषय आहे. एकाच जागी फार वेळ दाब पडला की तो टुणटुण वाजतो आणि जखम व्हायच्या आत माणूस पाय हलवतो. एकशे बारा जणांनी तो वापरून पाहिला. त्यातले एक एसटी ड्रायव्हर पहिल्यांदा सोल वाजला तेव्हा ओरडले होते, "बाई, माझा पाय मलाच हाक मारतोय!" अर्जदार तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिथेच गृहपाठ करत बसली होती. त्याच उन्हाळ्यात बाबांच्या नोकरीमुळे सर्व जण इथे आलो. आईच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. इथली एक प्रयोगशाळा तिला घ्यायला तयार आहे, व्हिसाही बदलून देणार आहे, पण पीएच.डी. जाहीर झाल्यावरच. जागा ३० जून २००७ पर्यंत राखून ठेवली आहे. नंतर ती दुसऱ्याला जाईल.

३. मार्च २००५ मध्ये पहिलं पाकीट आमच्या घरी आलं. लाखेचं सील, 'अत्यंत गोपनीय' असा शिक्का, वर परदेशी परीक्षकांचं नाव, आणि खाली पत्ता आमचा. आईने लगेच विद्यापीठात, आपल्या कार्यालयात फोन केला. तिकडून उत्तर आलं, "अहो मॅडम, परीक्षक ॲन आर्बरचे, तुम्ही ॲन आर्बरच्या. मग पत्ता चुकला कसा?" परीक्षकांचं ऑफिस बसने सहा स्टॉपवर होतं. बाबा म्हणाले, "यार पद्मिनी, बसमध्ये बस, देऊन ये, विषय संपला." आई म्हणाली, "आणि उद्या कोणी म्हणालं, हिने परीक्षकाला गाठलं, तर? एकशे बारा माणसांचे पाय खोटे ठरवू?" तिने पाकीट न उघडता रजिस्टर्ड पोस्टाने परत पाठवलं.

४. उमेदवारास नाव समजले, सबब नवे परीक्षक नेमले, असं आपण कळवलंत. जानेवारी २००६ मध्ये दुसरं पाकीट निघालं. परीक्षक टेक्सासचे. पाकीट आलं आमच्याकडे. फोनवर कळलं, "अमेरिकेचा म्हणून तोच एक पत्ता आहे आमच्याकडे." तेही परत गेलं. त्यानंतर आई कामाबद्दल बोलेनाशी झाली. आधी पार्किंग लॉटमधल्या बर्फात पावलं दिसली की ती थांबायची, "बघ, हा टाचेवर भार टाकतो," म्हणायची. या हिवाळ्यात ती एकदाही थांबली नाही.

५. गुरुवार, ५ एप्रिल रोजी आपली नोटीस आली. परीक्षकांची नावे उमेदवारास वारंवार कशी समजतात, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. ते पंधरा दिवस २७ मार्चलाच संपले होते. पुढे लिहिलं आहे: यापुढे परीक्षकाचे नाव उमेदवारास समजल्यास, अथवा तिच्या घरातील कोणीही परवानगीविना परीक्षकास भेटल्यास, प्रबंध कायमचा रद्द करण्यात येईल.

महोदय, त्याच दिवशी, त्याच टपालात, तिसरं पाकीट आलं. आपल्याकडूनच.

टपाल अर्जदाराने घेतलं. नोटीस आईच्या हातात दिली. पाकीट लपवलं. आईने नोटीस दोनदा वाचली आणि विचारलं, "एवढंच आलं का गं?" अर्जदार म्हणाली, "हो, एवढंच." त्यामुळे तिसऱ्या परीक्षकांचं नाव या घरात फक्त अर्जदाराला माहीत आहे. ते या अर्जातही लिहिलेलं नाही, कारण गोपनीय म्हणजे गोपनीय.

६. हे परीक्षक अर्जदाराच्या शाळेपासून चालत अकरा मिनिटांवर बसतात. अर्जदार शुक्रवारी दारापर्यंत जाऊन आली. दारावर नाव आहे, आत दिवा होता. दार ठोठावलं नाही. हात वर केला होता, पण रद्द होणारा प्रबंध अर्जदाराचा नाही.

पाकीट परत पाठवलं तर पुन्हा कित्येक महिने जातील. ३० जूनला बारा आठवडेही उरलेले नाहीत. तरी विनंती की, (अ) नोटीस मागे घ्यावी. उमेदवाराने एकही पाकीट उघडलेलं नाही, आणि पत्ता तिने घातलेला नाही. (ब) पाकीट नेऊन देण्याची परवानगी अर्जदारास ई-मेलने द्यावी. 'ने' एवढा एक शब्दही चालेल. ते नियमात बसत नसेल तर परीक्षकांना कळवावं, ते अर्जदाराच्या शाळेत येऊन घेऊन जातील. (क) पाकीट लपवणं हा गुन्हा ठरत असेल तर तो अर्जदाराचा धरावा. आईला यातलं काही माहीत नाही.

उत्तर कृपया लवकर द्यावं. आई रोज दुपारी विचारते, आज काय आलं. अर्जदाराला खोटं बोलायची सवय नाही, आणि ती लागायला लागली आहे.

आपल्या एका शब्दासाठी थांबलेली,
कु. आश्लेषा देवदत्त तांबवेकर

सोबत:
१. नोटिशीची प्रत
२. पहिली दोन पाकिटे परत पाठवल्याच्या पोस्टाच्या पावत्या
३. तिसरे पाकीट: जोडलेले नाही. अर्जदाराच्या बुटांच्या खोक्यात आहे. सील शाबूत.