अठ्ठावीस नॉटची विनाशिका

नांत, मार्च १९०७

प्रिय एर्वे,

तुझं पत्र परक्या अक्षरात आलेलं पाहिलं आणि उभ्याउभ्याच फोडून वाचलं. भट्टीचं दार उघडताच जाळ अंगावर आला, दोन्ही हात भाजले, आणि वर बोट हवी तेवढी पळत नाही म्हणून कप्तान तुलाच आळशी ठरवून बाहीवरची हुद्द्याची फीत काढून घेणार! आईला मी फक्त भाजल्याचं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "त्या मेल्याला लहानपणापासून धांदलच फार. थोरल्याकडून काही शिकला असता तर!" मी ताट सारून उठलो.

नाताळात तू विचारलं होतंस, दादा, चाचणीत तुम्ही गोदीवाल्यांनी आमची विनाशिका अठ्ठावीस नॉटच्या वेगानं पळवलीत, मग आमच्या हातून ती चोवीसच्या वर का जात नाही? मी तोऱ्यात उत्तर धाडलं, फावडं जरा जोरात चालव, हात झिजत नाहीत. खरं काय ते मला तेव्हाही ठाऊक होतं रे. स्वतःची लाज वाटते.

चाचणीच्या दिवशी त्या बोटीवर ना तोफा होत्या, ना पाणतीर. कोळसा एकेक ढेकूळ पारखून घेतलेला, तोही जाऊन येण्यापुरताच. भट्टीपाशी आम्ही गोदीतले निवडक गडी. एक दमला की दुसरा तयार. एवढी अरुंद, हलकी बोट पळणारच! मालक खूश, घड्याळ धरून बसलेले नौदलाचे साहेब खूश, आम्हाला पोटभर वाइन. ही रीतच आहे, म्हणून मीही कधी मनाला लावून घेतलं नाही. मग तुम्ही तिच्यावर तोफा, पाणतीर, दारूगोळा, लांबच्या सफरीचा कोळसा चढवलात. आता तिचं नाक लाटेत घुसतं. बॉयलर फुटेल, पण ती तेवढी पळणार नाही.

आज मुकादमाला तुझं पत्र दाखवलं आणि सांगून आलो, नव्या बोटीच्या चाचणीला मी नाही. तो हसला, "काय रे, धाकट्याचा आळस लागला वाटतं?" मी म्हटलं, लागला.

हे पत्र कप्तानांना वाचून दाखव. म्हणूनच खाली पूर्ण नाव घातलंय. गोदीचं फाटक मला बंद होईल, होऊ दे. आणि त्यांनी नाही ऐकलं, फीत गेली, तरी हात बरे झाल्यावर त्या आकड्यापायी पुन्हा भट्टी फुलवू नकोस. मी सांगितलं म्हणून तुला तो खरा वाटला.

तुझाच दादा,
दोनासियाँ लुआरो,
चाचणीच्या दिवशी पुढच्या भट्टीवर होतो