नेतो तसा आणतो

३ एप्रिल १९६७, सोमवार

नरहरी सुटला.

ठाण्याहून आत्ताच आले. पालघरला शेवटची एस.टी. चुकली, म्हणून सातपाटीपर्यंत टांगा केला. पाय धुवायच्या आधी लिहायला बसले आहे.

जज्जसाहेबांनी इंग्रजीत वाचलं. काय वाचलं ते मला विजयाकडे बघून कळलं. नरहरीची बायको. पदर तोंडात कोंबून ती खालीच बसली. मग कारकुनाने मराठीत सांगितलं — होडी चालवणाऱ्या नरहरी तांडेलाने आपल्या होडीवरचा खलाशी, मयत धर्माजी, याला पाण्यात ढकललं हे सिद्ध झालेलं नाही.

मयत धर्माजी म्हणजे आमचे हे. दीड वर्ष असंच नाव ऐकते आहे.

दीड वर्ष प्रश्नही एकच. हात कोणाचा होता, कुठे लागला, कंदील किती लांब होता. शांताराम त्याच होडीवर होता. पोलिसांना म्हणाला होता, नरहरीचा हात यांच्या पाठीवर बघितला. ठाण्याला पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा म्हणाला, "अंधार व्हता साहेब, हात व्हता का दोर व्हता, सांगता नाय येत." झालं. आदल्या दिवशीचं भांडण मात्र सगळ्यांनी सांगितलं. हे भर हंगामात नरहरीची होडी सोडून दुसऱ्या तांडेलाकडे जाणार होते. नरहरी बंदरावर ओरडला होता, "जातोस कसा बगतो!" पण ओरडणं म्हणजे ढकलणं नाही, असं कोर्ट म्हणतं. ते खरंच आहे. मीही दिवसातून दहादा ओरडते.

बाहेर नरहरीच्या माणसांनी पेढे वाटले. वाटता वाटता एक माझ्याही हातात आला. देणाऱ्याने वर बघितलं, ओळखलं, आणि त्याचाच चेहरा उतरला. परत काय द्यायचा? घरी आणला. सासूबाईंना दिसत नाही. त्यांनी खाल्ला आणि विचारलं, "कुठल्या देवाचा गो?"

सांगितलं नाही.

५ एप्रिल

सरकारी वकील जाताना म्हणाले होते, "बाई, त्याने केलं नाही असं कोर्टाने म्हटलेलं नाही. केलं हे दिसलं नाही, इतकंच म्हटलंय."

मग जे दिसलं नाही ते जातं कुठे? त्यांना विचारायचं राहिलं.

१४ एप्रिल

बोंबील वाळत घालत होते. शेजारच्या काठ्यांवर विजया. इतके दिवस आम्ही पाठीला पाठ लावून काम करतो. मध्ये गोदूबाई, कारण ती कोणाच्याही मध्ये बसू शकते. तिचं शांतारामवर चालू होतं. "त्याच्या डोल्यांना ठाण्याला गेल्यावर अंधार दिसतो. हितं रातच्याला दुसऱ्याच्या टोपलीतला सरंगा बरोबर दिसतो." बायका हसल्या. मीही हसले. विजयासुद्धा हसली, मग तिला कळलं आपण कशाला हसलो.

निघताना ती माझ्याशी बोलली. दीड वर्षात पहिल्यांदा. "वैनी, आमचा मानूस सुटला पन जेवत नाय."

ज्याने केलं तो जेवत नाही. ज्याच्यावर खोटा आळ आला तोही जेवत नाही. मीही कुठे जेवते.

१५ एप्रिल

हे आणि नरहरी चुलतभाऊ. आमच्या लग्नात यांच्या शेजारी मुंडासं बांधून नरहरीच उभा होता. घामाने भिजलेला, नवऱ्यापेक्षा जास्त घाबरलेला.

२१ मे

आमचा मुलगा वामन तारापूरच्या कामावरून परत आला. तिथे अणुशक्तीचं मोठं बांधकाम आहे, माणसं लागतात म्हणून बोईसरला खोली घेऊन राहिला होता. खडी वाहायचं काम. मुकादम हिंदीत बोलतो. काल म्हणाला, "कल से मत आना." का ते सांगितलं नाही. याच्या टोळीतल्या सगळ्यांनाच सांगितलं.

हातांची सालं गेली आहेत. मी खोबरेल लावायला गेले तर हात ओढून घेतला. सतरा वर्षांचा आहे. म्हणाला, "मी काय खडी फोडायला जल्मलो? मी दर्यावर जानार."

बरं वाटलं आणि भीतीही वाटली. दोन्ही एकदम.

९ जून

होड्या वर ओढल्या. पावसाचे दिवस. जाळी विणते आणि वाचते. वामनच्या पुस्तकांवर शिकले — तो पहिलीत तेव्हा मी पहिलीत, तो चौथीत तेव्हा मी चौथीत. त्याने सोडलं, मी नाही सोडलं. आता कोणाचंही काहीही वाचते. निकालाबद्दल पेपरात चार ओळी आल्या होत्या. "तांडेल निर्दोष." हा शब्द कोर्टात कोणी म्हटला नव्हता. मी तिथे होते.

२ जुलै

वामनला कोणी घेत नाही. तीन तांडेलांकडे जाऊन आला. सगळे गोड बोलतात. "जागा भरली रे." "पुढल्या साली बगू." खरं कारण गोदूबाईने सांगितलं. "येसू, तुज्या पोराला घेतला म्हंजे नरहरीच्या इरुद्ध उभा राहिला असं व्हतं. कोनाला पायजे तंटा?"

म्हणजे जो सुटला त्याचं मन राखायचं, म्हणून ज्याचा बाप गेला त्याला जागा नाही.

१६ जुलै

देवळात बैठक झाली. पंचांनी नरहरीला सांगितलं, कोर्टाचं कोर्टापाशी, देवीपुढे बोल आणि आळी संशयातून मोकळी कर. मी बायकांत बसले होते. त्याने आंघोळ करून ओलेत्याने शपथेसाठी देवीचं फूल उचललं. "मी धर्माजीला ढकलला नाय." अडखळला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला.

आणि मला खरं वाटलं. इथे लिहिते, बाहेर बोलणार नाही — मला त्याचं बोलणं खरं वाटलं. मग हलकं वाटायला हवं होतं. काही म्हणजे काही हललं नाही. दगड होता तिथेच आहे.

१७ जुलै

सासूबाई म्हणतात, आता त्या घराशी पाण्याचं देणंघेणं सुरू कर. मुलगा त्यांचा गेला. त्यांना जमतं.

३० जुलै

आज वामनने सांगितलं. नरहरी घ्यायला तयार आहे. हाच गेला होता विचारायला, मला न सांगता!

मी म्हटलं, सगळं बंदर सोडून तीच होडी?

"दुसरी घेत नाय कोन."

"तुझा बाप त्या होडीवरून गेला."

"कोर्टानं सोडला. देवीनं सोडला. तू कोन मोठी?"

मी जाळं पुढ्यात ओढलं.

"तूच सांग आये. त्यानं केला?"

"मला ठाऊक नाही."

"ठाव नाय तर अडवतेस कशाला?"

याचं उत्तर दुपारभर शोधलं. जाळ्याच्या दोन ओळी चुकल्या, उसवल्या. त्याने केलं म्हणावं तर पुरावा नाही. नाही केलं म्हणावं तर जीभ वळत नाही. मला एवढंच माहीत आहे की मला माहीत नाही. त्यावर मुलगा घरात बसवून ठेवता येत नाही.

३१ जुलै

वामन जेवला नाही.

१ ऑगस्ट

आजही नाही.

२ ऑगस्ट

"जा" म्हटलं.

२१ ऑगस्ट

नारळी पुनव झाली. होड्या रंगवल्या, पाण्यात लोटल्या. नरहरीची उद्या नाही, परवा सकाळच्या भरतीला निघेल. वामनने बापाची टोपी काढून ठेवली आहे. त्याला सैल होते.

आमच्या आळीत मुलगा पहिल्यांदा दर्यावर जातो तेव्हा आई तांडेलाच्या हातात नारळ देते. तांडेल सगळ्यांदेखत म्हणतो, "नेतो तसा आणतो." मग तो नारळ होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, फुटतो. दर्या काय तांडेलाला विचारून वागतो? तरी म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय आई मुलाचा हात सोडत नाही. हे पहिल्यांदा गेले तेव्हा सासूबाईंनी नरहरीच्या बापाच्या हातात नारळ दिला होता. "आनला व्हता त्यानं," आज त्या म्हणाल्या. "धा येला आनला."

मी ठरवलं आहे. नारळ देईन, मान वर करून देईन. कोर्टाला मी हरवू शकत नाही, देवीला नाही, मुलाला तर नाहीच. विश्वास ठेवता येत नाही, पण ठेवल्यासारखं उभं राहता येतं. बाकीचे तसेच उभे आहेत.

विजयाला जाऊन सांगून आले, वामन येतो आहे, त्याला तिखट सोसत नाही. तिने माझे दोन्ही हात धरले आणि रडली. आत अंधारात नरहरी बसला होता. उठून बाहेर आला नाही.

२३ ऑगस्ट

गुडघाभर पाण्यात उभं राहून नारळ दिला. नरहरीने दोन्ही हातांनी घेतला. बोलेना.

होडीवरून कोणीतरी म्हणालं, "बोल की तांडेल, पानी उतरंल."

मग त्याने नारळ माझ्या हातात परत ठेवला आणि हळू म्हणाला, "वैनी, मी ढकलला नाय त्याला. तो तोल जाऊन पडला. पन मी होडी वळवली नाय. राग व्हता. थोडा येल राग व्हता. मंग वळवली तवा कोन नव्हता." आणि म्हणाला, "ह्ये मला कोनी इचारलंच नाय."

मी होडीकडे बघितलं. शांतारामची मान खाली. सगळ्यांच्याच खाली.

वामन माझा हात धरून शेजारीच उभा होता, सगळं ऐकत. मी हात सोडला नाही.