सुपारीनं काही झालं नव्हतं

माय, परवा चुलतभावाचा फोन आला. तो मुलीचं लग्न तिच्या आत्याच्या मुलाशी ठरवतोय. मी म्हटलं, आधी दोघांचं रक्त तपासून घ्या, आपल्या घरात एक लेकरू गेलेलं आहे. तर तो तुझं नाव काढून म्हणतो, "मोठमायनं पोटुशी असतानी ग्रहनात सुपारी कातरली, तिचं तिनं भोगलं. आमाले कायले भेव दाखवून राह्यली?" मी वाशीमच्या कॉलेजात बावीस वर्षं जीवरसायन शिकवते आणि मी नुसता फोन ठेवून दिला. इतका संताप आला, की वर्गात त्या दिवशी फळ्यावर तीनदा खडू मोडला.

मी नऊ वर्षांची होते. माझा धाकटा भाऊ, आपला बाळ, सहा महिन्यांचा होऊन बसायला लागला होता, आणि मग हळूहळू बसणं विसरला. अनसिंगच्या त्या स्वयंपाकघरात माझ्या हातून दुधाच्या गंजावरचं झाकण पडतं, बाळ दोन्ही हात फेकून दचकतो, आणि तू पिठाच्या हातानंच माझ्या पाठीत धपाटा घालतेस. "काहून आपटलं वं? लेकरू कसं दचकून राह्यलं पाय!" जरा आवाज झाला की तो तसाच दचकायचा. पुढे नजर फिरेना, घास गिळता येईना. अकोल्याच्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं, आतल्या पडद्यावर लाल ठिपका आहे म्हणाले, उपाय नाही म्हणाले. तीन वर्षांचा व्हायच्या आत तो गेला. रोज सकाळी बुद्धवंदना म्हणणारी आपली आजी, ग्रहण पाळणं केव्हाच सोडलेली, दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "सुपारी कातरली हिनं. म्या डोयानं पायलं." आणि तू मान खाली घालून भाकरी थापायचीस. एकदाही उलट बोलली नाहीस. त्याचाही मला अजून राग येतो.

ऐक आता. प्रत्येक पेशीला चरबीचं पातळ आवरण असतं. त्यात काही रेणू असे, की चरबीचा भाग आत रुतलेला आणि साखरेचा भाग बाहेर. ग्लायकोस्फिंगोलिपिड म्हणतात त्यांना. पेशी आधी चरबीचा भाग बांधते, मग त्यावर एकेक साखर चढवते. त्या साखरेवरून पेशी एकमेकींना ओळखतात. मेंदूत तर या रेणूंची दाटी असते. जुने झाले की पेशी त्यांची साखर एकेक करून उतरवते आणि प्रत्येक टप्प्याला ठरलेलं एन्झाइम लागतं. बाळाकडे त्यातलं एक नसणार. उतरवणं अडलं, आणि तेच रेणू मेंदूच्या पेशींत साचत गेले, पेशी फुगून मरेपर्यंत. तपासणी कधी झाली नाही, पण ते दचकणं आणि तो लाल ठिपका, मला शंका नाही. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो. आणि आजी तुझी नुसती सासू नव्हती, सख्खी आत्या होती. बाबांना तो बहुतेक तिच्याकडूनच आला, तुला तिच्या भावाकडून, म्हणजे तुझ्या बापाकडून. जे तुझ्या माथी मारलं, ते तिच्याच माहेरचं होतं.

हे मला एम.एस्सी.ला असतानाच कळलं होतं. सुट्टीत पुस्तक घेऊन घरी आले होते. तू विचारलंस, "काय वाचून राह्यली वं?" आजी दारातच होती. मी म्हटलं, "काही नाही, परीक्षेचं आहे." त्यानंतर तू चार वर्षं जगलीस. आजी तर तुझ्याआधीच गेली. म्हणजे भीतीचंही कारण उरलं नव्हतं. मला वाटायचं, अर्धा दोष तुझाही आहे हे ऐकून तू बाकीचं ऐकणारच नाहीस.

खरं तर हे सगळं चुलतभावाला लिहायला हवं. तो आणि त्याची बहीण आजीचीच नातवंडं, आणि लग्नाला दोन महिने आहेत. त्याला लिहायला बसले होते, आणि पहिला शब्द "माय" लिहिला गेला.