काळ्यात लाल दिसत नाही

आळे,
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

प्रिय हसीना,

अंजनाचा नमस्कार. जलालभाऊंनाही नमस्कार सांग, आरफाला आशीर्वाद. इकडे सगळे ठणठणीत आहेत, म्हशीसकट.

दहा महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. म्हणून आता कागद. कागद कट करता येत नाही. फाडता येतो, पण तू आधी वाचशील आणि मग फाडशील. पाचवीपासून एका बाकावर बसलोय आपण, तेवढी तुला ओळखते.

आधी बातम्या. अश्विनी सासरी मजेत आहे. जावई अबोल आहेत; आमच्या रेडिओला असाच माणूस हवा होता. लग्नाला तू आली नाहीस, पण आरफाच्या हाती माझ्यासाठी मोरपंखी साडी पाठवलीस, ती पोचली. गणपतीला अश्विनी आली ती एक छोटा ओव्हन घेऊनच. म्हणाली, "आई, आता नारायणगावला भट्टीवर जायची गरज नाय." दर दिवाळीला घरचा मैदा, साखर, तूप घेऊन तुमच्या बेकरीत यायचं, ट्रेवर नावाची चिठ्ठी लावून रांगेत बसायचं आणि नानकटाई भाजून होईपर्यंत तुझ्याशी गप्पा हाणायच्या. वीस वर्षं मी काय गरज म्हणून येत होते?

आता माझी फुशारकी ऐक. मला चॉकलेटची क्रीम बिस्किटं जमली आहेत! आणि अशी जमली आहेत की दुकानातल्या पुड्याकडे आमचे मालक आता ढुंकून बघत नाहीत. मैदा, कोको, पिठीसाखर, लोणी, चिमूटभर मीठ. पोळीपेक्षा जाड लाटायचं आणि काकवीच्या बाटलीच्या झाकणानं गोल पाडायचे. क्रीमनं मात्र मला रडवलं. घरच्या लोण्यात पाणी राहतं, त्यामुळे ते दोन बिस्किटांच्या मधून ओघळून ताटात यायचं. मग लोणी फडक्यात बांधून रात्रभर टांगलं, पिठीसाखर दुप्पट केली, तेव्हा कुठे ते जागेवर बसलं.

पण पहिले तीन घाणे जळाले, हसीना. कोळसा. मालकांनी एक तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "लई कडू नाय, खातोय की." म्हशीनं मात्र तोंड फिरवलं.

तिन्ही वेळा घरात मी एकटी होते. ओव्हनही माझा, पीठही माझं. जाळली म्हणून नाव घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. चौथा घाणा आत होता, तेव्हा मी त्या काचेसमोर स्टूल टाकून बसले आणि मला तुमची भट्टी आठवली. तिथवर यायचं मी गेले दहा महिने टाळत होते. या पत्रातही एवढा वेळ म्हशीच्या गोष्टी सांगत बसले ते त्यासाठीच.

अश्विनीच्या साखरपुड्याला पेढ्यांऐवजी हीच बिस्किटं द्यायची, हा हट्ट माझा. पहिला ट्रे जलालभाऊंनी वासावरून बाहेर काढला. म्हणाले, "वहिनी, झालंय. गार होऊ द्या, मंग बघा." मी एक दाबून बघितलं तर मऊ. मी म्हणाले, "कच्ची हायेत. परत घाला. लाल झाल्याबिगर काढू नका." नानकटाई लाल झाली की काढायची, एवढंच मला माहीत. ते हसून म्हणाले, "वहिनी, काळ्यात लाल कसं दिसायचं?" त्यावर मी काय बोलले ते तू कांदा चिरता चिरता ऐकलंस: "पोरगी माझी, माल माझा. घाला म्हटलं की घाला." त्यांनी घातला. तो ट्रे आणि पुढचे सगळे.

आणि मांडवात विहीणबाईंनी बिस्किटाचा तुकडा तोंडातून काढून रुमालात ठेवला तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भट्टीवाल्यानं जाळली."

तुम्ही दोघं समोरच बसला होता. जलालभाऊंनी एक शब्द काढला असता तर तिथल्या तिथे माझं तोंड बंद झालं असतं. ते गप्प राहिले. पोरीच्या साखरपुड्यात वाद नको म्हणून गप्प राहिले, हे मला तेव्हाच कळलं होतं, हसीना. आता ओव्हनसमोर कळलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. कळत होतं, आणि तरी मी दुसऱ्या पाहुण्यांनाही तेच सांगितलं. गावातही सांगितलं. आळ्याच्या बायका या दिवाळीला आळेफाट्यावर भाजायला नेणार म्हणतात, ते माझ्यामुळे. वीस वर्षांचं त्यांचं नाव मी एका वाक्यात घालवलं, आणि तुलाही.

चौथा घाणा मी वास आला तसा काढला. मऊच होता. हात मागे बांधून बसले. गार झाल्यावर एक मोडलं तर कट्‌कन आवाज झाला. आवाज ऐकून मी रडले. मालकांना वाटलं, हेही जळालं.

मी माफीचं पत्र लिहून मोकळी होणारी नाही. चारचौघांत बोलले, ते चारचौघांतच परत घेणार. काल गिरणीवर सुरुवात केली. दळणाच्या रांगेत सगळं सांगितलं. रांगेतलीच आरती म्हणाली, "काकू, आता कशाला उकरताय?" मी म्हणाले, "तू रविवारी मैद्याचा डबा भर आणि जीपमध्ये बस." आम्ही पाचजणी येतोय, दहा वाजता, तुमच्याकडे रांग भरलेली असते तेव्हा. माझं पीठ मी कच्चंच आणतेय. जलालभाऊ म्हणतील तेव्हाच ट्रे बाहेर येईल. त्यांनी भट्टीचं दार लावून घेतलं तरी मी बाहेर उभी राहून बोलणार आहे, आणि माझा आवाज तुला माहीत आहे.

सोबत बारा बिस्किटं पाठवतेय. जलालभाऊंना दे आणि एक मोडून बघ म्हणावं.

तुझ्या साडीची घडी मी अजून मोडलेली नाही. रविवारी तीच नेसून येतेय. मैदा लागला तर लागू दे. तू फक्त आत जाऊन बसू नकोस, दुकानाच्या पायरीवर उभी राहा. बाकीच्यांनी ऐकलं नाही तरी चालेल, तू ऐकायला हवं.

बिस्किटं जिनं जाळली ती,
तुझी अंजू