माझी साक्ष क्लाउडवर

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.
पेटलोय. रागाने. आत्ताच सोसायटीच्या गेटवर रक्त सांडलं. सेक्रेटरी बाबाजीने मासेवाल्या जिजाबाईच्या पाटीला लाथ घातली. बोंबील रस्ताभर. तिने त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. उत्तनहून तिच्यासोबत आलेला नवरा, सदू, मध्ये पडला. बाबाजीने पार्किंगमधला लोखंडी रॉड उचलला. चार फटके. तिसऱ्याला हाड मोडल्याचा आवाज पहिल्या मजल्यावर माझ्या गॅलरीपर्यंत आला. चहा हातात तसाच राहिला. खाली गेलो नाही, कारण साक्षीदाराने तटस्थ राहायचं असतं. पण आता बाबाजीला माझ्या ब्लॉगवर ठेचणार. सोलून काढणार.

३ नोव्हेंबर, सोमवार
लेख तयार. बावीसशे शब्द. अजून टाकला नाही. लाखभर लोक एकदम आले तर आत्ताचं साधं होस्टिंग, म्हणजे ब्लॉग जिथे ठेवलाय तो सर्व्हर, कोसळेल. सत्य कोसळून चालणार नाही. आधी ब्लॉग क्लाउडवर नेणार. तिथे गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढतात. मित्र राज हेच काम करतो. म्हणाला, यतीन, तुझा ब्लॉग दिवसाला चौदा वेळा उघडतो, त्यात नऊ वेळा तूच असतोस. जळतो साला.

४ नोव्हेंबर, मंगळवार
जिजाबाई वर आली. सदूच्या हातात प्लेट टाकणार, जाळं ओढणं बंद. म्हणाली, तू वरून बघत होता, न्हाय बोलू नको, पोलिसात चल. मी समजावलं, जबाब एक हवालदार वाचतो, ब्लॉग अख्खा महाराष्ट्र वाचेल. शनिवारपर्यंत थांब. बायको मिनलने तिला पाणी दिलं. मला रात्री जेवण वाढलं नाही. नवऱ्याची झेप बायकोला शेवटी कळते.

६ नोव्हेंबर, गुरुवार
डेटाबेस हलवला. सगळ्या मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं झाली. बाबाजी प्रश्नचिन्ह, रॉड प्रश्नचिन्ह. कीबोर्डवर गुद्दा हाणला. स्पेसबार उडून फ्रीजवर आपटला. टेबलाला लाथ घातली. अंगठा काळानिळा. ह्याचाही हिशेब बाबाजीकडून घेणार.

८ नोव्हेंबर, शनिवार
अक्षरं परत आली. तीन सर्व्हर उभे केले. लिफ्टमध्ये बाबाजी भेटला. पट्टी बांधलेल्या हाताने मागून माझी मान धरली, दाबली, आणि अगदी प्रेमाने विचारलं, यतीनभाऊ, रविवारी गॅलरीत होता ना? मी म्हटलं, बाथरूममध्ये होतो. डावपेच! शत्रूला गाफील ठेवायचं. मानेवर चार बोटांचे वळ आलेत. मिनलला सांगितलं, उशी कडक आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार
हवालदार रुचिता मॅडम घरोघरी चौकशी करत आल्या. लेख आधीच फुटू नये म्हणून सांगितलं, नीट दिसलं नाही. त्यांनी तसं लिहून माझी सही घेतली. मिनल आत भांडी आपटत होती. ब्लॉगचं नाव, म्हणजे डोमेन, नव्या पत्त्यावर जायला अठ्ठेचाळीस तास. बाबाजी, तास मोज!

१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी १०.
टाकला! फटका न् फटका, वेळेसकट.

दुपारी ४. वाचक तीन. एक मी. एक मिनल. तिसरा अनोळखी, पण तासभर लेखावरच आहे. नक्की कुठला तरी संपादक.

४.३०. फोन आला. तिसऱ्या वाचक रुचिता मॅडम. लिंक मिनलनेच पाठवली म्हणे. उद्या दहाला या, म्हणाल्या, आणि सही केलेला जबाब खोटा की ब्लॉग, तेवढं सांगा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
पोलीस ठाण्यात मॅडमनी लेख मलाच मोठ्याने वाचायला लावला. समोरच्या बाकावर जिजाबाई, शेजारी गळ्यात हात अडकवलेला सदू. सुरुवात दणक्यात केली, पुढे पुटपुटत गेलो. माराचं वर्णन आलं तसं सदूने डोळे मिटले. नवा जबाब दिला. पोलिसांनी बाबाजीला दुपारी घरातून उचललं. जाताना त्याने माझ्या दाराच्या काचेवर डोकं आपटून काच फोडली. सोसायटीत सगळे म्हणतात, मिनलने हिंमत केली.

सकाळी ठाण्यातून निघताना जिजाबाईने हाक मारली. म्हटलं, आभार मानणार. तिने शांतपणे विचारलं, एवढं सगळं बघितलंस, मग खाली का न्हाय आलास?

मी मोबाइलवर लेख वरून खालपर्यंत चाळला. मी खाली का गेलो नाही, ते त्यात कुठेच नव्हतं.