चिंध्यांचे सत्तावीस कोट

मी, सलोमे राइफस्नायडर, पेनसिल्व्हेनियातील लॉरेलबर्ग गावचे दिवंगत शिंपी जेकब राइफस्नायडर यांची विधवा, वय सदुसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. उलट, लिहू नका असे तिघांनी सांगितले असताना लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. गुडघे गेले, पण सुईत दोरा अजून मीच ओवते. हे मुद्दाम नमूद करते, कारण गेल्या वर्षीच्या ३० मेपासून गावात माझ्या डोक्याविषयी बरेच बोलले गेले आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझे जावई एमॉस टल यांनी १८७९ साली एक कागद तयार करून आणला होता. त्यावर मी सही केली नाही. तसा कागद कोणी पुढे आणला तर तो खोटा समजावा.

वकील हॉटेन्स्टाइन यांनी मला अर्ध्या पानाचा मसुदा दिला आणि म्हणाले, "बाई, मालमत्ता तेवढी लिहा. भांडणं नकोत." मी म्हटले, "मालमत्ता अर्ध्या पानाचीच आहे हो. बाकीचं पान कशानं भरू?" ते हसले. मी हसले नाही.

कलम पहिले. चर्च रस्त्यावरील माझे दुमजली लाकडी घर, मागील बाग व सफरचंदाची चार झाडे माझी मुलगी एलमिना टल हिला द्यावीत. ही मिळकत तिच्या एकटीच्या नावावर राहील. तिच्या नवऱ्याला ती विकता, गहाण टाकता किंवा भाड्याने देता येणार नाही. त्या घरात तो जेवायला बसू शकतो. जेकबच्या खुर्चीवर बसू नये.

याचे कारण लिहिणे भाग आहे.

१८६१ साली, दक्षिणेकडच्या राज्यांशी युद्ध सुरू झाले त्या वर्षीच्या शरद ऋतूत, आमच्या गावातून एक तुकडी उभी राहिली. माझा मुलगा लेव्ही एकोणीस वर्षांचा होता. त्याने पहिल्याच दिवशी नाव दिले. शिपायांचे कपडे पुरवण्याचा ठेका हायरम डेलफील्डच्या लोकर गिरणीला मिळाला. हा हायरम मी त्याच्या लहानपणापासून पाहिलेला. त्याची पहिली लांब विजार जेकबनेच बेतली होती. गिरणीत कापड बेतून गठ्ठे बांधायचे आणि गावातल्या बायकांनी शिपायांची मापे घेऊन ते घरी शिवून द्यायचे, अशी व्यवस्था होती. एमॉस टल तेव्हा गिरणीत मुकादम होता. एलमिना चौदा वर्षांची. ती गठ्ठे आणायची.

पहिला गठ्ठा सोडला आणि मी कापड बोटांत धरून चोळले. पीठ चोळावे तसा भुगा निघाला. खिडकीशी धरले, तर पलीकडचे झाड दिसले. शिंप्याची बायको मी, मला कोणी समजावून सांगायला नको होते. जुन्या चिंध्या, गालिचांची कात्रणे, गिरणीच्या जमिनीवरचा केर, हे सगळे दळून त्यात सरस घालून दाबले होते. वरून निळा रंग. पुढे वर्तमानपत्रांनी त्याला 'शॉडी' नाव दिले. तेव्हा त्याला नाव नव्हते, नुसता वास होता.

मी गठ्ठा उचलला आणि गिरणीत गेले. टलपुढे टाकला.

"हे कापड नाही. दाबलेला भुसा आहे. एका पावसात उलून जाईल."

तो वहीतून वर न पाहता म्हणाला, "बाई, शिवायचं तुम्ही, घालायचं शिपायांनी. तुम्हाला कुठं थंडी वाजणार आहे?"

"माझा मुलगा आहे त्या तुकडीत."

"मग त्याचे टाके जरा जवळ जवळ घाला." शेजारचे दोन हमाल हसले. मग तो आवाज उतरवून म्हणाला, "तुम्ही नाही शिवलंत तर दुसरी कुणी शिवेल. बघा."

मी बघितले. आणि गठ्ठा उचलून घरी आले. त्याविषयी शेवटच्या कलमात लिहीन.

सहा वर्षांनी याच माणसाशी माझ्या मुलीने लग्न केले. ती म्हणाली, "आई, तो तेव्हा नोकर होता गं. मालक सांगेल ते बोलत होता." ते खरे आहे. एलमिनावर माझा राग नाही. तिने मला कधी उपाशी ठेवले नाही, आजारपणात उशाशी बसली. पण तिच्या टेबलावर टल प्रार्थना म्हणतो तेव्हा मी डोळे मिटत नाही, हे तिला ठाऊक आहे.

कलम दुसरे. एक निळा जाड लोकरीचा ओव्हरकोट हेन्री योस्ट यांच्याकडे आहे. तो माझ्या मिळकतीत धरू नये व माझ्या वारसांनी मागू नये. तो हेन्रीचाच आहे.

तो कोट मी लेव्हीसाठी शिवला होता. जेकबने स्वतःकरिता म्हणून एक चांगले कापड ठेवले होते आणि त्याचा कोट शिवायच्या आधी तो वारला. ते मी काढले. अस्तर दुहेरी लावले. लेव्ही निघताना म्हणाला, "आई, यात मी सेनापती दिसतोय. सगळे मला सलाम ठोकतील." त्याचे पहिले पत्र आले ते असे: "पावसात आमच्या विजारी बसायच्या जागी उलल्या. परेडला मोठा साहेब आला तर कॅप्टननं आम्हाला मागच्या रांगेत उभं केलं. आम्ही हसून हसून मेलो. तुझा कोट बघून मात्र सगळे जळतात."

दुसरे पत्र छोटे होते. तिसरे आले ते त्याच्या कॅप्टनच्या हातचे. फेब्रुवारी १८६२. फुप्फुसाचा दाह.

एप्रिलमध्ये हेन्री योस्ट दारात आला. लेव्हीच्याच तंबूतला, पलीकडच्या आळीतला मुलगा. आजारपणामुळे त्याला घरी पाठवले होते. हातावर घडी घातलेला तो निळा कोट.

"काकू, हा द्यायला आलोय. मला ताप भरला होता. लेव्हीनं अंगावरचा काढला आणि माझ्यावर टाकला. म्हणाला, बरा झालास की परत दे. मी बरा झालो तोवर…"

"आणि त्याच्या अंगावर काय होतं?"

"सरकारी. ते कापड सगळं गळून गेलं होतं, काकू. खांद्यावर नि पाठीवर नुसत्या शिवणी राहिल्या होत्या, जाळं असतं तशा. पण तुमचा टाका एक सुटला नव्हता बघा."

त्याने हे माझ्या समाधानासाठी सांगितले. मी म्हटले, "कोट ठेव तुझ्याकडे. आता तो कुणाच्या अंगावर आहे याचं मला काही नाही." आणि दार लावून घेतले. त्यानंतर सहा वर्षे मी त्याला रस्त्यात ओळख दिली नाही. तो दर वेळी टोपी काढायचा. तो जगला हा त्याचा गुन्हा नव्हता. हे कळायला मला इतकी वर्षे लागली. ही नोंद त्याच्यासाठी.

कलम तिसरे. समोरच्या खोलीतील शिवणकामाचे टेबल, जेकबच्या दोन्ही मोठ्या कात्र्या, इस्त्र्या, मापाच्या पट्ट्या व शिवणयंत्र हेन्री योस्ट यांना द्यावे. ती खोली ते हयात असेपर्यंत त्यांनी दुकान म्हणून वापरावी. एलमिनाने भाडे मागू नये.

१८६८ साली हायरम डेलफील्ड राज्याच्या सिनेटसाठी उभा राहिला. युद्धाची चारही वर्षे तो गिरणीच्या ऑफिसात होता. नंतर गव्हर्नरने त्याला मानाची कर्नलकी दिली आणि तेव्हापासून तो पितळी बटणांचा निळा कोट घालून सभांना जाऊ लागला. मशाली घेऊन मिरवणुका निघायच्या. मिरवणुकीतल्या प्रत्येकाला खांद्यावर टाकायचा मेणकापडाचा केप आणि शिपायासारखी टोपी. म्हणजे लांबून वाटावे, पलटणच चालली आहे. ज्यांनी कधी बंदूक धरली नाही ते पुढे, आणि खरे शिपाई त्यांना शोभा म्हणून मधे.

ते केप कोणी शिवले? मी शिवले. टलने गठ्ठा आणून दिला आणि म्हणाला, "सासूबाई, या वेळी कापड पक्कं आहे." मी घेतला.

हेन्री तेव्हा गिरणीत कामाला होता. त्यालाही केप दिला. त्याने तो घडी करून मुकादमाच्या मेजावर ठेवला आणि म्हणाला, "मी एकदा डेलफील्डचे कपडे घातलेत. पुन्हा नाही." दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढले. त्या दुपारी तो माझ्या दारावरून चालला होता. मी सहा वर्षांनी पहिल्यांदा त्याला हाक मारली.

"हेन्री, सुई धरता येते का?"

"नाही काकू."

"मग आत ये. कात्री तरी धरता येईल."

एवढा थोरला दाढीवाला माणूस, काज करताना जीभ बाहेर काढायचा. आज जिल्ह्यात त्याच्यासारखे काज कोणी करत नाही. एकोणीस वर्षे आम्ही एका टेबलाशी समोरासमोर बसलो. लेव्हीविषयी बोललो असू तीनदा. पुरे झाले.

कलम चौथे. शिपायांच्या स्मारकाचा पडदा दूर केल्याबद्दल समितीने मला दिलेला चांदीचा पेला सिनेटर हायरम डेलफील्ड यांना परत करावा. आत बटणे आहेत, ती आधी काढून हेन्रीला द्यावीत.

कलम पाचवे. यात काही देणे नाही, सांगणे आहे.

गेल्या वर्षी ३० मे रोजी, कबरींना फुले वाहण्याच्या दिवशी, कचेरीसमोरच्या चौकात शिपायांचे स्मारक उभे राहिले. खर्च डेलफील्डचा. पडदा दूर करण्यासाठी मुलगा गमावलेल्या आयांपैकी सर्वांत वयस्कर म्हणून मला बोलावले. एलमिनाने माझी कॉलर नीट केली, म्हणाली, "आई, आजचा दिवस फक्त." मी कबूल केले. खोटे नाही लिहीत, मलाही जायचे होते. पोराचे नाव दगडावर पाहायचे होते.

दोरी ओढली. वर दगडी शिपाई, अंगावर गुडघ्यापर्यंत कोट, खांद्यावर आखूड केप, प्रत्येक घडी कोरलेली. एवढा चांगला कोट आमच्या तुकडीत कोणाला मिळाला नव्हता. खाली नावे. मी एकदा वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

डेलफील्ड शेजारीच उभा होता, तोच निळा कोट घालून. मी विचारले, "लेव्ही कुठं आहे?"

तो माझ्याकडे वाकला. "मातोश्री, रणांगणावर पडले त्यांचीच नावं घ्यायची असं समितीनं ठरवलं. आजारानं गेले त्यांना… जागा पुरत नव्हती हो."

मी काही ठरवून केले नाही. माझा हात आपसूक गेला. शिंपी कापड पाहतो तशी त्याच्या कोटाची कड मी अंगठा आणि बोटात धरली आणि चोळली. भुगा निघाला नाही. मी म्हटले, आणि मोठ्याने म्हटले, कारण मला कमी ऐकू येते, "हायरम, कापड चांगलं आहे रे. तेव्हा कुठं ठेवलं होतंस हे?"

पुढच्या दोन रांगांनी ऐकले. कोणीतरी खोकले. डेलफील्ड ओठ न हलवता म्हणाला, "आजीबाई, खाली बसा," आणि बँडकडे हात केला. बँड सुरू झाला.

घरी एलमिना रडली. "आई, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." तिची समजूत घालायची म्हणून मी म्हटले, "उद्याच्या पेपरात येईल, मग लोकच ठरवतील." दुसऱ्या दिवशी आले. जसेच्या तसे देते: "शोकविव्हल वृद्ध माता कर्नलसाहेबांच्या छातीशी बिलगली व तिने त्यांचे आभार मानले. उपस्थितांचे डोळे पाणावले."

मी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. संपादक म्हणाला, "काकू, छान छापलंय की. लोकांना फार आवडलं." मी म्हटले, मी आभार मानले नाहीत. तो म्हणाला, "मग काय केलंत?" मी सांगितले. त्याने पेन उचलले नाही.

म्हणून हे. वकिलांकडून मला कळले की माणूस मेल्यावर त्याचे मृत्युपत्र जिल्ह्याच्या कचेरीत मोठ्या बांधीव वहीत अक्षरन् अक्षर उतरवून घेतात, आणि ती वही कोणालाही मागून वाचता येते. गिरणी डेलफील्डची, स्मारक डेलफील्डचे, वर्तमानपत्रात जाहिराती डेलफील्डच्या. ती वही त्याची नाही.

कलम सहावे. मला माझ्या तपकिरी लोकरी पोशाखात पुरावे. शवपेटीवर झेंडा नको, फीत नको. बँड नको. सिनेटरसाहेब आले तर त्यांना मागच्या बाकावर बसवावे व बोलू देऊ नये. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी वकील हॉटेन्स्टाइन यांना नेमते. त्यांना हे पान आवडणार नाही. तरीही त्यांनी ते गाळू नये.

कलम सातवे व शेवटचे. लेव्हीच्या तुकडीचे सत्तावीस कोट मी शिवले. कापड काय आहे हे मला पहिल्याच दिवशी कळले होते. डेलफील्डला माहीत होते, टलला माहीत होते आणि मला माहीत होते. मी एकदा तक्रार केली, मग मान खाली घालून शिवत बसले. आणि माझ्या स्वतःच्या मुलाला तेवढा चांगला कोट शिवून दिला. बाकी सव्वीस जणही कोणाची तरी मुले होती. लेव्हीला हे कळले असावे. म्हणून त्याने तो कोट काढून दिला. डेलफील्डला मी माफ केलेले नाही. स्वतःलाही वेगळा न्याय लावत नाही.

त्या हिवाळ्यात छावणीत थंडीने व फुप्फुसाच्या दाहाने गेलेल्यांची, दगडावर नसलेली नावे मी येथे देत आहे. हेन्रीने सांगितली, मापे मला आठवत होती. कारकुनाने स्पष्ट अक्षरात लिहावीत.

ॲडम शिफर्ट. एक खांदा उतरता होता.

फ्रँकलिन डेट्रिक.

योनास हार्टझेल व त्याचा भाऊ पीटर. दोघांचे माप एकच.

सायरस बॉम. छाती इतकी बारीक की पट्टी दोनदा लावून पाहिली.

विल्यम आर्नर, तीन मुलींचा बाप.

लेव्ही राइफस्नायडर, वय एकोणीस. बाह्या दोन बोटे लांब ठेवल्या होत्या. अजून वाढत होता.

(सही) सलोमे राइफस्नायडर

वरील बाईंनी आम्हा दोघांच्या देखत, सर्व पाने मोठ्याने वाचून दाखवून, सही केली. वाचताना त्या एकदाच थांबल्या. आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष साक्षीदार म्हणून सह्या करीत आहोत. आम्हा दोघांचाही या मिळकतीत हिस्सा नाही.

(सही) रेव्हरंड टोबायस क्लाइन, पाद्री

(सही) ड्रुसिला आर्नर, विल्यम आर्नर यांची विधवा

लॉरेलबर्ग, पेनसिल्व्हेनिया
१४ नोव्हेंबर १८८७